बंद शाळा आणि मुलांचा घास

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही बोलण्यास उभे आहोत. या व्याख्यानमालेत धम्म, इतिहास, राज्यघटना, राखीव जागा असे भारदस्त विषय येतात. आज आम्ही शाळेतल्या खिचडीवर बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा काही मंडळी हसली. हसू द्या. ज्याच्या घरी दोन्ही वेळ चूल पेटते त्याला खिचडी हा विनोदाचा विषय वाटतो. पण २०२० साली कोरोनाची महामारी आली, शाळांना कुलपे लागली आणि त्या कुलपांच्या आत देशातल्या कोट्यवधी मुलांचे दुपारचे जेवणही अडकले. ते जेवण कितपत बाहेर निघाले, कुठे अडले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण काय करणार, एवढेच आज आम्हांला मांडायचे आहे.

धम्मपदावरील अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती वर्षावासात ऐकली असेल. तथागत आळवीला आले. या शेतकऱ्याला उपदेश ऐकायचा होता, पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. तो रानोमाळ भटकून दुपारी उपाशीच सभेला पोहोचला. भिक्षुसंघाचे भोजन झाले होते. तथागतांनी उपदेश सुरू केला नाही. अन्न उरले आहे का, अशी चौकशी करून त्यांनी आधी त्या माणसाला जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. काही भिक्षूंना हे नवलाचे वाटले, तेव्हा तथागतांनी भुकेची गणना रोगांमध्ये केली. आम्हांला या कथेचे महत्त्व असे वाटते की, इथे उपदेश थांबला, जेवण थांबले नाही. २०२० मध्ये शिक्षण तर थांबलेच, त्याबरोबर जेवणही थांबते की काय, असा प्रश्न उभा राहिला होता.

रोगराई आणि भूक या जोडीने येतात, हे महाराष्ट्राला नवे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीराव व सावित्रीबाई दोघेही त्या कामात होते. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ आली म्हणून मुलांकडे पाठ फिरवायची नाही, हा पायंडा आपल्याच घरचा आहे.

आता शाळेतल्या जेवणाचा थोडा इतिहास. तो माहीत नसला की पुढचे कळत नाही. मद्रास महानगरपालिकेने १९२० साली, पिट्टी त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे खाणे सुरू केले. १९५६ मध्ये कामराजांनी ते मद्रास राज्यात वाढवले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठे रूप दिले. केंद्र सरकारला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. त्या वेळच्या योजनेत बहुतेक राज्यांनी शिजवलेले अन्न दिलेच नाही. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य द्यायचे आणि पिशवी घेऊन घरी पाठवायचे, अशी रीत होती. इथे बसलेल्या तिशी-चाळिशीतल्या पुष्कळांना ती पिशवी आठवत असेल. ते धान्य घराच्या डब्यात जाई. पोराच्या ताटात किती पडे, हे कोणी मोजत नसे.

ही रीत बदलली ती न्यायालयामुळे. राजस्थानातील नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी २००१ मध्ये अन्नाच्या अधिकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. २० एप्रिल २००४ रोजी आणखी एक आदेश झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे. दुसरी, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्यावे. म्हणजे संकटाच्या काळात शाळा बंद असली तरी जेवण चालू राहिले पाहिजे, हे तत्त्व २००४ सालीच मान्य झाले होते. कोरोनाच्या वेळी ते नव्याने शोधून काढायची गरज नव्हती.

मग २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या किंवा आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेत मोफत जेवण हा त्यात हक्क झाला. मात्र त्यात एक शब्दप्रयोग आहे: शाळेच्या सुट्ट्या वगळून. मित्रहो, मार्च २०२० मध्ये सारा घोळ या शब्दांभोवती होता. महामारीमुळे शाळा बंद ठेवली तर तिला सुट्टी म्हणायचे की बंदी? सुट्टी म्हटली तर मुलाचा हक्क थांबतो. बंदी म्हटली तर जेवण न दिल्याबद्दल सरकार मुलाचे देणे लागते. या कायद्याखाली ३० सप्टेंबर २०१५ चे मध्यान्ह भोजन नियम आहेत. धान्य नाही, इंधन नाही, स्वयंपाकी नाही किंवा अन्य कोणत्याही कारणाने जेवण मिळाले नाही, तर मुलाच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा, असे ते सांगतात. "अन्य कोणत्याही कारणाने" यात महामारी बसते, हे समजायला वकील लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि शाळा बंद असताना मुलांना जेवण कसे पोहोचवणार, अशी सर्व राज्यांना विचारणा केली. दोनच दिवसांनी केंद्राने राज्यांना कळवले की, गरम जेवण द्या अथवा भत्ता द्या. केरळात अंगणवाडीच्या मुलांचा आहार तोवर घरपोच जाऊ लागला होता. पश्चिम बंगालने मार्चमध्येच मुलामागे २ किलो तांदूळ आणि २ किलो बटाटे दिले. आपल्या राज्यात शाळांत शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळी-कडधान्ये वाटण्यापासून सुरुवात झाली. पालकांना ठरावीक वेळी बोलवायचे, अंतर ठेवून उभे करायचे आणि तोंडाला रुमाल बांधून मापाने द्यायचे, हे काम शिक्षकांनी आणि स्वयंपाकी भगिनींनी केले. त्या दिवसांत घराबाहेर पडणे म्हणजे काय होते, हे आपण जाणतो. त्यांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण श्रेय देऊन झाल्यावर हिशेब पाहावा लागतो. आमचे आयुष्य बँकेत आकडे मांडण्यात गेले, तेव्हा एवढी सवय माफ असावी. पहिली ते पाचवीच्या मुलाचे रोजचे प्रमाण असे आहे: धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. लहान मुलाला यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, मोठ्याला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. महिन्याचे २२ दिवस धरले तर लहान मुलाच्या नावे २ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ४४० ग्रॅम डाळ, १ किलो १०० ग्रॅम भाजी आणि ११० ग्रॅम तेल निघते. एप्रिल २०२० पासून शिजवण्याचा खर्च रोज ४ रुपये ९७ पैसे होता, म्हणजे महिन्याला १०९ रुपये ३४ पैसे. महागाई वाढत गेली, पण सप्टेंबर २०२२ पर्यंत हा दर तसाच राहिला.

आता हे प्रमाण घरी नेऊन पाहा. तांदूळ आणि कडधान्य पिशवीत आले, भाजी आणि तेल पुष्कळ ठिकाणी यादीतून गळाले. घरात सहा माणसे. बापाचे काम बंद, आईची धुणीभांडी बंद. रोज दीड किलो तांदूळ लागणाऱ्या घरात २ किलो २०० ग्रॅम किती दिवस पुरणार? दीड दिवस. ज्या मुलाच्या नावे तो आला त्याला महिनाभराचे म्हणून त्यातले दोन-तीन घास मिळाले असतील. यात आईचा दोष नाही. कोणती आई एका लेकराला जेवू घालून दुसऱ्याला बघत बसवील? शाळेत शिजवलेले अन्न मुलाच्या पोटात जाते, घरी दिलेले धान्य घराच्या पोटात जाते. म्हणूनच २००१ मध्ये पिशवी बंद करून ताट सुरू करण्याचा आदेश झाला होता. २०२० मध्ये आपण ताटावरून पुन्हा पिशवीवर आलो आणि जवळपास दोन वर्षे तिथेच राहिलो. आरंभीचे काही महिने दुसरा इलाज नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण पुढे हॉटेले, बाजार, दारूची दुकाने उघडली तेव्हाही शाळेची चूल बंदच होती. कशाला आधी परवानगी मिळाली, यावरून राज्यकर्त्यांच्या लेखी कोणाची किंमत किती हे कळते.

त्या वर्षी धान्याची टंचाई होती म्हणावे, तर तसेही नव्हते. २०२० च्या उन्हाळ्यात केंद्राच्या कोठारांत सात कोटी टनांहून अधिक धान्य होते. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत देण्याची योजना एप्रिलपासून सुरू झाली, ती चांगलीच होती. पण वस्त्यांमध्ये गैरसमज असा पसरला की रेशनचे धान्य मिळाले म्हणजे शाळेचेही मिळाले. दोन्ही हक्क वेगळे आहेत. एक घराचा, दुसरा मुलाचा. एक मिळाला म्हणून दुसरा सोडायचा नसतो.

यानंतरची गोष्ट आमच्या काउंटरवरची आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. मे २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केले की, ११ कोटी ८० लाख मुलांना शिजवण्याच्या खर्चापोटी रोख रक्कम देऊ, त्यासाठी सुमारे १२०० कोटी रुपये जादा खर्च करू. आकडा ऐकायला मोठा. भागाकार केला की मुलामागे शंभर रुपये येतात. आपल्या राज्यात उन्हाळी सुट्टीचे म्हणून पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी मुलाचे बँकेत खाते हवे. झाले! जुलै महिन्यात शाखेसमोर आयाबायांची रांग लागली. साथ संपली नव्हती आणि आत पाच जणांपेक्षा अधिकांना सोडत नव्हते. कोणाचे आधार कार्ड गावी राहिलेले, कोणाच्या कार्डावर मुलाचे नाव वेगळे, कोणाजवळ फोटो नाही. खाते उघडायला पाचशे-हजार रुपये भरा, असे काही ठिकाणी सांगितले जात होते. वास्तविक शून्य शिलकीचे मूलभूत बचत खाते उघडून देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. तो काउंटरपलीकडच्या बाईला माहीत नसतो आणि काउंटरअलीकडचा माणूस प्रत्येक वेळी सांगतोच असे नाही. एक बाई आमच्याकडे तीन वेळा आली. तीन रोजांचे खाडे, येण्याजाण्याचे रिक्षाभाडे, फोटो आणि झेरॉक्स यांचा हिशेब तिनेच मांडला आणि विचारले, "साहेब, एकशे छप्पन्न रुपयांसाठी मी किती घालवू?" आम्ही तिचे खाते उघडून दिले. प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

रोख रक्कम वाईट असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळी सुट्टीत गरीब मुलांच्या जेवणाची कुपने बंद होणार होती. मार्कस रॅशफर्ड हा तरुण फुटबॉलपटू, जो लहानपणी शाळेच्या मोफत जेवणावर वाढला, त्याने आवाज उठवला आणि जूनमध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. मुलामागे आठवड्याला १५ पौंडांची कुपने सुट्टीभर चालू राहिली. तिथे कुपनावर निदान दुपारचे जेवण निघत होते. १५६ रुपयांत काय निघते? बाजारभाव आपल्याला ठाऊक आहे.

एका गोष्टीची नोंद आम्हांला कुठेच नीट झालेली दिसली नाही, ती म्हणजे जी मुले आपल्या शाळेजवळ नव्हतीच त्यांची. तांदूळ येतो तो पटावरच्या नावाने आणि त्याच शाळेत. मार्च-एप्रिल २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून माणसे पायी गावाकडे निघाली. मूल बुलढाण्याला किंवा नांदेडला पोहोचले, त्याच्या नावचा तांदूळ मुंबईच्या शाळेत. उलट बीडकडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळावर अडकले. त्यांच्या मुलांचा तांदूळ गावच्या शाळेत आणि मुले उसाच्या फडात. रेशनकार्ड कुठल्याही दुकानात चालावे अशी सोय निघाली, शाळेच्या तांदळाला तशी सोय नव्हती. ही मुले कोणाची, हे या सभागृहात सांगायला नको.

आणि स्वयंपाकी भगिनी. २००४ च्या आदेशामुळे आपल्या समाजातल्या कितीतरी विधवा, परित्यक्ता बायांच्या हाती शाळेचा झारा आला. तो सुखासुखी आला नाही. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये पाच राज्यांतल्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दलित स्वयंपाकिणीला विरोध, मुलांना वेगळे बसवणे हे प्रकार नोंदले आहेत. तरीही रोज दुपारी एका भांड्यातले अन्न सर्व जातींच्या मुलांनी एका रांगेत बसून खावे, ही गोष्ट लहान नाही. ज्या बाबासाहेबांना शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्यांच्या देशातली ही पंगत आहे. पिशवीत तांदूळ घरी गेला तेव्हा ही पंगतही मोडली. तिचे माप ग्रॅममध्ये निघत नाही, म्हणून कोणी विचारले नाही. या भगिनींसाठी केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले मानधन महिना १००० रुपये आणि तेही वर्षातले दहा महिने. राज्यांनी त्यात आपली भर घातली, कुठे कमी, कुठे जास्त. चूल बंद असताना त्यांचे मानधन वेळेवर निघाले की नाही, हे विचारणारी संघटना फारच थोड्या गावांत होती.

मग आपण काय करायचे? सरकारच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे, आणि अर्ज लिहिणे त्यामानाने कंटाळवाणे. आम्ही कंटाळवाण्या कामाच्या बाजूचे आहोत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या वस्तीतले किती पालक या समितीत आहेत? जे आहेत ते सही करण्यापुरते जातात की साठ्याची नोंदवही उघडून पाहतात? साथ आली, पूर आला, शाळा बंद झाली, की त्याच आठवड्यात समितीने लेखी मागणी करावी: एवढी मुले, एवढे दिवस, एवढे धान्य, एवढा शिजवण्याचा खर्च, १५ तारखेच्या आत. मागणीची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, हे कचेरीत काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. गावातून आलेले किंवा गावाला गेलेले मूल पटावर नसले तरी त्याचे नाव वेगळ्या कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावे. आणि शक्य असेल तिथे पिशवीऐवजी ताट मागावे. उघड्या मैदानावर, थोड्या थोड्या मुलांना बोलावून, किंवा डबे भरून नेऊन गरम जेवण देता येते. निवडणुकीत हजारो माणसांचे जेवण ठरल्या वेळी केंद्रावर पोहोचवणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य नाही.

मंडळापुढे आमची एक विनंती आहे. आपल्याकडे धान्य वाटपाची परंपरा आहे, २०२० मध्येही आपण वाटले आणि त्याचे फोटोही छापले. ते चालू राहावे. पण त्याबरोबर प्रत्येक वस्तीतल्या शाळकरी मुलांची यादी, शाळा व इयत्तेसह, मंडळाच्या दप्तरात असावी आणि दर जूनमध्ये ती नवी करावी. दहावी-बारावीचे विद्यार्थी हे काम दोन रविवारांत करू शकतील. मुलांची खाती शून्य शिलकीवर उघडण्यासाठी आमच्यासारखे बँकेतले चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी वस्तीत बसायला तयार आहेत, त्यांची नावे सचिवांकडे दिली आहेत. रोजच्या प्रमाणाचे आकडे अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. भाषण संपल्यावर विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घ्यावेत आणि घरी आईला वाचून दाखवावेत.